श्रीलंकेला कधी जायचं, हे विचारण्याआधी कुठल्या किनाऱ्याला ते ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पर्यटन पुरवणीत एखाद्या देशाची माहिती आली की खाली एक चौकट ठरलेली असते, "जाण्यासाठी उत्तम काळ". श्रीलंकेसाठी तिथे कायम डिसेंबर ते मार्च छापलेलं असतं, आणि सगळे टूरवालेही तेच सांगतात. ही ओळ अर्धीच खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे पाण्यात जातात, म्हणून हे पत्र.

आधी आपल्याकडची अडचण बघा. डिसेंबर ते मार्च नोकरदार माणसाला पोरांसोबत सुट्टी मिळते कधी? नाताळचे चार दिवस सोडले तर शाळा सुरू, फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा, मार्चला ऑफिसात इयर एंडिंग. सुट्ट्या म्हणजे मे महिना आणि दिवाळी, फारतर ऑगस्टचा एखादा लाँग वीकेंड. म्हणजे उत्तम काळात जाता येत नाही आणि जाता येतं त्या काळाबद्दल कोणी काही सांगत नाही, मग माणूस "ऑफ सीझन आहे, स्वस्तात पडेल" ऐकून पैसे भरतो.

आमच्या ओळखीचं एक कुटुंब असंच मेच्या शेवटी गेलं. टूरवाल्याने तोच कार्यक्रम दिला जो तो जानेवारीत देतो, कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसाला व्हेल बघायची बोट. बेंटोट्याला समुद्रावर लाल झेंडा, पाण्यात पाय घालायला मनाई, मिरिसाची बोट रद्द, पोरं दोन दिवस हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये आणि पूलवर पण पाऊस! परत आल्यावर तक्रार केली तर उत्तर मिळालं, "साहेब, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं". अहो निसर्ग बिचारा आपल्या टायमाला आला होता, दरवर्षी येतो तसाच, कार्यक्रम छापणाऱ्यानेच कॅलेंडर बघितलं नव्हतं.

गोष्ट सोपी आहे. श्रीलंका महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी, पण तिला पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे येतात, ते कोलंबो, गॉल, रत्नपुरा हा भाग झोडपतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारे येतात, तेव्हा त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना भिजतं. मध्ये डोंगर उभा आहे, पिदुरुतलागला २,५२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साधारण नऊशे मीटरने उंच, तो एका बाजूचा पाऊस दुसरीकडे फारसा जाऊ देत नाही. आम्हा सातारकरांना हे समजावून सांगायला नको, जुलैत महाबळेश्वरला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला लोक ढगाकडे बघत बसलेले असतात, तसंच ते.

म्हणजे मे-जूनमध्ये जायचं असेल तर कार्यक्रम पूर्वेला वळवायचा, एवढंच. आम्ही जुलैत त्रिंकोमालीला होतो. निलावेलीचा समुद्र शांत, गुडघाभर पाण्यात तळ स्पष्ट दिसतो, आणि पश्चिमेकडून कोरडा गरम वारा येतो, त्याला तिथले लोक कच्चान म्हणतात, डोंगरापलीकडे पाऊस टाकून मोकळा झालेला वारा हा. गावात फोर्ट फ्रेडरिक नावाचा किल्ला आहे, त्याच्या आतून रस्ता कोणेश्वरम मंदिराकडे वर चढतो, आणि त्या रस्त्यावर चितळं अगदी आपल्याकडच्या गायींसारखी फिरतात, प्रसादाच्या पिशवीत तोंड घालतात. एका चितळाने आमच्या सौ.च्या हातातली केळी सालीसकट पळवली. मंदिर उंच कड्यावर, खाली सरळ समुद्र. जुनं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आताचं नंतरचं आहे. व्हेल सुद्धा या दिवसात इकडेच बघायच्या, मिरिसाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. सर्फिंगवाली परदेशी पोरं पण मेनंतर पूर्वेच्या अरुगम बेला पळतात, त्यांना बरोबर कळतं, आपल्या टूरवाल्यांना का कळत नाही देव जाणे.

ऑगस्टबद्दल तर मला नवल वाटतं की कोणी कसं सांगत नाही. पाऊस नसल्यामुळे आतल्या कोरड्या भागात पाणी आटतं आणि मिन्नेरियाच्या तलावाकाठी कोवळं गवत उगवतं, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हत्तींचे कळपच्या कळप उतरतात. आणि जुलै-ऑगस्टच्या पौर्णिमेच्या आधी कँडीला एसला पेराहेरा असतो, सजवलेले हत्ती, मशाली, ढोल, बुद्धाच्या दाताच्या मंदिराची मिरवणूक रात्री दहा दिवस चालते. तारखा दरवर्षी बदलतात आणि हॉटेलं आधीच भरतात, तेवढं बघून घ्यायचं.

आता उलटी बाजू. ज्या डिसेंबर-जानेवारीला आपण डोळे झाकून उत्तम म्हणतो तेव्हा दक्षिण किनारा छान असतो हे कबूल, पण सिगिरिया, पोलोन्नारुवा, अनुराधापुरा हा जुन्या शहरांचा भाग ईशान्य पावसात येतो. सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ओल्या पायऱ्या आणि वर वारा, आपले आजी-आजोबा सोबत असतील तर विचार करा. हा भाग बघायला फेब्रुवारीनंतर जास्त बरं.

आणि दिवाळी? माझं स्पष्ट मत, दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंका टाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन पावसाळ्यांच्या मधला काळ, दुपारनंतर दोन्ही बाजूंना गडगडाटी पाऊस, वरून बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा वादळाने तिथे काय केलं ते तुमच्याच पेपरात आलं होतं, शेकडो माणसं गेली, डोंगरातली रेल्वे लाइन ठिकठिकाणी खचली. पण दिवाळी स्पेशल श्रीलंकेच्या जाहिराती पानभर असतात, त्याही तुमच्याच पेपरात, राग मानू नका.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. दुकानं बंद, ड्रायव्हर आपापल्या गावी, आणि अख्खं कोलंबो थंड हवेसाठी नुवारा एलियाला गेलेलं असतं, तेव्हा तिथे हॉटेलचा दर विचारूच नये. तसंच दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी, त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि मटणाची दुकानं पण बंद. आपल्या काही मंडळींची याने फार पंचाईत होते. पण मेमधली वेसाकची पौर्णिमा, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, मुद्दाम गाठावी, रस्त्यावर कागदी कंदील आणि जागोजागी मांडव, येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी थांबवून फुकट जेवायला घालतात, थेट वारीतल्या अन्नदानाची आठवण येते.

बाकी व्हिसाचं म्हणाल तर नियम आणि फी मध्यंतरी इतक्या वेळा बदललेत की निघायच्या आधी सरकारी साइटच बघावी, तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जादा पैसे काढतात. कँडी ते एला ही डोंगरातली ट्रेन सुरू आहे ना ते आधी बघा, तिचं रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'याला' नावाच्या नॅशनल पार्कचा मुख्य भाग बहुतेक वर्षी सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात, त्या महिन्यात कोणी बिबट्या दाखवतो म्हणून पैसे मागत असेल तर आधी विचारा, कुठल्या गेटने नेणार.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी त्या चौकटीत एका ओळीऐवजी तीन ओळी छापा, पश्चिम-दक्षिण किनारा कधी, पूर्व किनारा कधी, डोंगर आणि जुनी शहरं कधी. आणि जमलं तर शेजारी आपल्या शाळांच्या सुट्ट्या पण टाका, टूरवाल्यासमोर कात्रण ठेवून बोलता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, कोरेगाव (जि. सातारा)