छोट्या इंजिनाचं काय करू, तूच सांग

प्रिय दोस्ता,

हे फोनवर उरकलं असतं, पण इंजिनाचा विषय निघाला की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहितोय. आधी पूर्ण वाच, मग भांड.

खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. ओहोटी भरात होती आणि वारा खडकांकडे. तिथे अशा वेळी काय होतं ते तुला सांगायला नको. बरोबर पोरगी होती. आप्पांचं म्हणणं आठवलं, आधी नांगर टाक आणि मग इंजिनाकडे बघ. नांगराने पकड घेतली म्हणून हे पत्र लिहितोय. स्टार्टर फिरत होता, इंजिन पेटत नव्हतं. फिल्टरची वाटी सोडली तर तळाशी पाणीच पाणी. रिकामी करावी, पुन्हा लावावी, पुन्हा तेच. शेवटी परतणाऱ्या एका होडीने दोर दिला. घरी फक्त 'इंजिन बिघडलं होतं' एवढंच कळलंय. पोरगीही गप्प राहिली. त्या बाबतीत ती तुझ्यावर गेलीय, माझ्यावर नाही.

आमची तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, आईची साखर आटोक्यात.

तर आता जोडीला दुसरं छोटं इंजिन घ्यायचं हे पक्कं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. रात्री कागदावर आकडे मांडत बसतो.

आधी ताकदीचं बघू, कारण तू लगेच म्हणशील की घ्यायचंच तर 9.8 हॉर्सपॉवरचं घे. हिशेब कर. आपल्या होडीची पाण्याला टेकलेली लांबी 16 फूट. त्याचं वर्गमूळ 4, गुणिले 1.34, म्हणजे सव्वापाच-साडेपाच नॉट. होडी पाण्यावर उचलली जात नाही तोवर या वेगाच्या पुढे ती आपल्याच लाटेवर चढायला बघते, आणि त्यासाठी मागेल तेवढी ताकद कमीच. 6 हॉर्सपॉवर भरल्या होडीला साडेचार-पाच नॉट देईल. 9.8 ने थोडं वाढेल, पण माणसं आणि सामान भरलेली होडी तेही उचलणार नाही. वजन मात्र 25 किलोवरून 37-38 वर जातं, आणि तेही मागच्या फळीच्या एका कोपऱ्यात. समोरून वारा आणि लाट असेल तेव्हा जास्त ताकदीचा उपयोग आहे, हे मान्य. पण त्यावर मला पंखा बदलणं जास्त पटतं. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. कमी पिचचा, 6 इंच पिचचा पंखा लावला की छोटं इंजिन दम न तोडता पूर्ण फेरे घेतं आणि जड होडी ढकलतं. जास्त पिचचा पंखा हलक्या रबरी होडीला ठीक, आपल्या होडीवर इंजिन नुसतं कण्हत राहील. आणि 3 नॉटच्या ओहोटीविरुद्ध 5 नॉटने निघालं तर हाती 2 उरतात. तेव्हा भरतीची वाट बघायची की नांगरावर थांबायचं, हे ठरवणं आलंच. तुझ्यासारखं पाण्याशी हुज्जत घालायला मला जमत नाही.

खरा मुद्दा आता. ज्या कारणाने मोठं बंद पडेल, त्याच कारणाने छोटं बंद पडता कामा नये. यावर मी ठाम आहे. दोन्ही फोर-स्ट्रोक, दोन्हींना साधं पेट्रोल, एकच टाकी आणि मध्ये एक कॉक, ही सोय सगळ्यांना आवडते. त्या दिवशी तसं असतं तर? तेच पाणी दोन्ही इंजिनांनी प्यायलं असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं, आणि तो फार झाला की पाणी-इथेनॉल खाली बसतं, नेमकं टाकीतली नळी जिथे तोंड लावून असते तिथे. म्हणून छोट्याची टाकी वेगळी, नळी वेगळी, फिल्टर वेगळा. बॅटरीही सामायिक नको. बटनावर चालू होणारं राखीव इंजिन मेलेल्या बॅटरीसमोर कुचकामी. दोरी ओढूनच चालू व्हायला हवं, आणि ती पोरगीलाही ओढता आली पाहिजे. दुकानात मी तिलाच ओढायला लावणार आहे.

इंजिनातच जी टाकी असते ती लिटर-सव्वालिटरची. 6 हॉर्सपॉवरला पूर्ण जोरात तासाला साधारण दोन लिटर लागतं, म्हणजे जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात मी खडकापासून दूर जाईन, घरी पोचणार नाही. बाहेरची 12 लिटरची टाकी हवीच.

विजेवरचंही बघितलं. 17 किलोचं, शांत, कार्बोरेटरची कटकट नाही. पण साधारण 3 हॉर्सपॉवरच्या तोडीचं, आणि पूर्ण जोरात तासाभरात बॅटरी संपते. तळ्यात घेतलं असतं.

आता तुझं टू-स्ट्रोक. ते तू मनापासून देऊ केलंस, हे विसरलेलो नाही. त्याची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडतो, तू मांडतोस त्याहून चांगली. ते हलकं आहे. आडवं कुठल्याही कुशीवर ठेवलं तरी तेल गळत नाही, फोर-स्ट्रोकला ठरलेली कूस सांभाळावी लागते. आणि त्याला 50 ला 1 तेल घातलेलं पेट्रोल लागतं, म्हणजे टाकी आपोआप वेगळी, माझ्या नियमात अगदी चपखल. पण त्या मिश्रणाचंच मला भय आहे. राखीव इंजिन महिनोन्महिने बसून राहतं. मिश्रण शिळं होतं, पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांत डिंक राहतो. शिवाय तुझं इंजिन एव्हिनरूड कंपनीचं, आणि त्यांचं उत्पादन 2020 साली थांबलं. 1909 पासूनचं ते नाव, ओले एव्हिनरूडची गोष्ट तू किती वेळा रंगवून सांगितलीस! पण उद्या खडकाकडे वाहत असताना मला गोष्ट नको, सुटा भाग मिळेल याची खात्री हवी. रागावू नकोस. ते इंजिन तुझ्याच होडीवर शोभतं.

फोर-स्ट्रोकचा कार्बोरेटरही बसून राहिला की तुंबतोच. म्हणून दर फेरीत परतताना दहा मिनिटं छोट्यावर यायचं, आणि किनाऱ्याला लागताना नळी काढून उरलेलं पेट्रोल जाळून टाकायचं. पोरगीने हे काम आपणहून मागून घेतलंय.

आपलं जुनं भांडण अजून मिटलेलं नाही. छोटं चालू असताना मोठं वर उचलायचं की खाली ठेवायचं? तू म्हणतोस वर, ओढ कमी होते. मी म्हणतो खाली. छोटं उजव्या कोपऱ्यातून ढकलतं, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सारखी डावीकडे जाते. मोठं सरळ बांधून खाली ठेवलं की ते सुकाणूसारखं धरून ठेवतं. अर्धा नॉट गेला तरी चालेल, दिशा नको जायला. आप्पा असते तर दोघांनाही झापलं असतं.

वहिनींच्या बदलीचं कळलं. बरं झालं, निदान तुमची रोजची धावपळ थांबेल. थोरल्याने शेवटी त्याच्या मनासारखंच घेतलं ना? घेऊ दे. घराचं काम कुठवर आलं? भिंतींचा रंग ठरवताना वहिनींचंच ऐक.

माझं अडलंय ते शाफ्टपाशी, म्हणजे इंजिनाचा पाण्यात उतरणारा दांडा किती लांब घ्यायचा तिथे. मागची फळी 20 इंच उंच, म्हणून लाँग शाफ्ट. पण छोटं कोपऱ्यात बसणार. होडी कलली की तो कोपरा उचलतो, पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. मग 25 इंचांचं घेऊ, की 20 चंच घेऊन खाली सरकणारा ब्रॅकेट लावू? ब्रॅकेटला स्प्रिंग आली, बिजागरी आली, म्हणजे गंजायला चार जागा वाढल्या. 25 घेतलं तर वर उचलल्यावर ते मोठ्याच्या वळण्याच्या वाटेत येईल का, हे कागदावर कळत नाही. तुझ्या होडीवर दोन्ही इंजिनं आहेत, म्हणून तुलाच विचारतो. मोठं पूर्ण वळवून बघ आणि मधलं अंतर मला कळव.

तुझाच

ता.क. शाफ्ट मोजताना क्लॅम्प फळीवर बसतो तिथपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोज, पंख्याच्या मध्यापर्यंत नको. आणि ब्रॅकेटला फळीच्या आतून पट्टी लावून आरपार बोल्ट आहेत की नुसते स्क्रू, तेही बघ. स्क्रू असतील तर मला कळवायच्या आधी ते बदल.