आजीच्या कागदांची पाठ

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आजीच्या पेटीतली चांगली चित्रं निवडून फ्रेम करायची आणि बाकीचे कागद हातावेगळे करायचे, असं बाबांनी लिहिलंय. माझी कळकळीची विनंती आहे, तूर्त काहीच निवडू नका. गठ्ठे जसे बांधलेत तसेच राहू द्या. भिंतीवर शोभतील अशी तिची चित्रं फार तर वीस-बावीस निघतील. पण इतकी वर्षं मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या बाई आणि तीन नातवंडांची आजी त्या वीस चित्रांत सापडायची नाही. ती बाकीच्या कागदांत आहे, आणि बरीचशी कागदांच्या पाठीवर.

आमच्या रेघोट्यांचा गठ्ठा घ्या. प्रत्येक कागदामागे उजव्या कोपऱ्यात तिनं पेन्सिलीनं तीन गोष्टी टिपल्या आहेत: मुलाचं वय वर्ष-महिन्यांत, कोणत्या हातानं काढलं, आणि काढताना मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. ‘२ वर्षं १० महिने. डावा हात. हा पाऊस पळतोय.’ पुढच्या बाजूला नुसता निळ्या तेलखडूचा गुंता. पाठ न वाचता कोणीही तो रद्दीत टाकेल. दोनेक वर्षांचं मूल हात फिरवण्याच्या आनंदासाठी रेघा ओढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमारास कधीतरी पहिल्यांदा रेघोटीला नाव देतं. त्या क्षणापासून रेघ म्हणजे कशाचं तरी चित्र. मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस येतो, सातच्या आसपास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी आणि मधली जागा कोरी. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली हे टप्पे सविस्तर मांडले. आजीनं तेच टप्पे आपल्या घरात, तारीखवार, तीन मुलांचे जपून ठेवलेत. म्हणूनच क्रम मोडायचा नाही. आभाळाची पट्टी खाली येऊन जमिनीला टेकली तो कागद त्याच्या आधीच्या कागदाशेजारी असला तरच काही सांगतो.

दुसरा गठ्ठा शाळेतल्या वस्तुचित्रांचा. यात बऱ्याच कागदांवर एक बटर पेपर ठेवलेला दिसेल. ती विद्यार्थ्याच्या चित्रावर कधीच रेघ मारत नसे, दुरुस्ती वरच्या बटर पेपरवर करी. पेल्याचं चित्र बघा. मुलानं तोंड बरोबर लंबगोल काढलंय आणि बूड सरळ रेघेत कापून टाकलंय. ही चूक बहुतेक सगळी मुलं करतात, कारण पेला सपाट टेबलावर उभा आहे हे त्यांना माहीत असतं आणि हात डोळ्याला दिसलेलं सोडून माहीत असलेलं काढतो. खरं तर बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा खाली असतं, म्हणून त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त भरते. आजीनं बटर पेपरवर फक्त तेवढी खालची कमान काढली आणि बाजूला लिहिलं, ‘तुझा डोळा कुठे आहे?’ उत्तर लिहिलेलं नाही. तिची शिकवण्याची सगळी रीत त्या एका कमानीत आहे. बटर पेपर आणि चित्र वेगळे झाले तर दोन्ही निरर्थक. पण त्यांना टाचणी किंवा स्टेपलर लावू नका, गंज कागद खातो. कोऱ्या कागदाची घडी करून तिच्या पोटात जोडी ठेवा.

आता जपणुकीचं. जलरंगाची मूळ चित्रं भिंतीवर लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. उजेडानं रंग उडतो, झालेलं नुकसान साठत जातं आणि नंतर अंधारात ठेवून रंग परत येत नाही. संग्रहालयात जलरंग साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) मंद उजेडात मांडतात, खिडकी असलेल्या दिवाणखान्यात दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. तिच्या संध्याकाळच्या निसर्गचित्रांत तो आवडता गडद किरमिजी आहे ना, अलिझारीन क्रिमझन, तो पातळ हातानं लावला की सगळ्यात आधी उडतो. गेरू आणि पिवळी माती टिकतात. म्हणजे आभाळातली लाली जाईल आणि डोंगर तेवढे उरतील. तिलाही हे ठाऊक होतं: रंगांच्या पट्ट्या रंगवून, अर्ध्या काळ्या कागदानं झाकून तिनं खिडकीत लावल्या होत्या. त्या पट्ट्या पेटीच्या झाकणाच्या कप्प्यात आहेत, त्याही जपा. भिंतीवर चांगला प्रिंट लावू.

आईला एक तरी मूळ चित्र समोर हवं असेल, तर ते उन्हापासून दूर, आतल्या भिंतीवर. काचेला चित्र टेकता कामा नये, मध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. चित्र मागे पूर्ण चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं, एवढंच. कागद हवेतल्या ओलाव्यानं फुगतो-आकसतो, चारी बाजूंनी जखडला की त्याला लाटा येतात. फ्रेमवाले सोयीसाठी मागे हार्डबोर्ड आणि चिकटपट्टी लावतात. त्यातली आम्लं कागद तपकिरी करतात, म्हणून आधीच बजावून सांगा.

पेटी लोखंडी आहे आणि जमिनीवर आहे, हे मला सगळ्यात खुपतं. आत दव धरतं, गंज उतरतो. सगळं कपाटाच्या मधल्या फळीवर आडवं ठेवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते, म्हणून एक साधा आर्द्रतामापक आत ठेवा. बुरशी दिसलीच तर ओलं फडकं लावू नका, ती कागदाच्या धाग्यांत आणखी मुरते. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशनं झटका. तपकिरी ठिपके घालवायच्या फंदात पडू नका. जुनी सेलोटेप ओढू नका, कागदाची साल निघते. लॅमिनेशन तर नकोच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. पोस्टर रंगांची चित्रं गुंडाळू नका, जाड थर तडकून सुटतो. कोळशाची चित्रं प्लास्टिकमध्ये घालू नका, प्लास्टिकवरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. तेलखडू वर्षानुवर्षं पुरता वाळत नाही, त्यावर बटर पेपर हवाच.

स्कॅन मी आल्यावर करीन. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, तेवढं पुरे, लहान चिठ्ठ्यांना ६००. मात्र दोन्ही बाजूंचं स्कॅन होणार, कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचंसुद्धा. पुसट पेन्सिल डोळ्याला दिसत नाही, स्कॅनमध्ये गडद करून वाचता येते. कोळशाची चित्रं स्कॅनरवर उलटी घालायची नाहीत, त्यांचे खिडकीच्या मऊ उजेडात फोटो काढू, फ्लॅशशिवाय.

माझ्या येण्याआधी तुम्ही दोघांनीच करायचं काम वेगळं आहे. रोज दहा कागद, जास्त नको, थकलं की माणूस अंदाज ठोकायला लागतो. हात धुऊन कोरडे करा, कागद पुठ्ठ्यावर घेऊन उचला. पाठीवर डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन-बी पेन्सिलीनं हलकेच क्रमांक घाला. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. मग फोनचं रेकॉर्डिंग चालू करून क्रमांक मोठ्यानं वाचा आणि त्या कागदाबद्दल जे आठवेल ते बोला: कुठल्या शाळेत असताना, कुठली जागा, चित्रातलं माणूस कोण. साल नक्की नसेल तर ‘बाबांच्या नोकरीच्या आधी’ असंही चालेल. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही राहू द्या. बाबांना शाळेतली आजी माहीत आहे. आई, दुपारी आम्हाला घेऊन बसणारी आजी तू पाहिलीस.

आणि ब्रश. बरणीत केस खाली करून उभे असतील तर आजच काढून आडवे ठेवा, केस वाकले की सरळ होत नाहीत. त्यात तीन ब्रश असे आहेत ज्यांच्या दांडीला, धातूच्या पट्टीच्या बोटभर वर, सुती दोरा गुंडाळलाय. लहान मूल ब्रश मुठीत धरतं आणि ओली गुळगुळीत दांडी निसटते, म्हणून तिनं ते वेढे दिले, प्रत्येक मुठीच्या मापानं. पिवळ्या दोऱ्याचा माझा. लाल आणि हिरवा यांपैकी दादाचा कोणता, हे आई, तुलाच ठाऊक असेल. चिठ्ठीवर लिहून ब्रशाला सैलसर बांध. वेढे सोडू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. झाकणातल्या पट्ट्या खिडकीत कधी लावल्या आणि कधी काढल्या, त्या तारखा तिनं मागे लिहिल्यात का, ते तेवढं पाहून कळवा.