तेजी म्हणजे सावरणं नव्हे

मा. संपादक,

‘अर्थव्यवस्था सावरतेय, गुंतवणूकदारांत उत्साह’ अशा बातम्या सध्या पहिल्या पानावर असतात. शेअर बाजारातल्या तेजीला माझा आक्षेप नाही. ती सावरल्याचा पुरावा म्हणून छापली जाते, हे पटत नाही.

२०२० आठवा. २३ मार्चला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला आणि जूनअखेर ३५ हजारांच्या आसपास पोचला. त्याच एप्रिल-जून तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी घटलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मुंबईतला रोजगार सुटून घरी आलेले चाकरमानी तेव्हा प्रत्येक वाडीत होते. कोण सावरलं होतं त्या जूनमध्ये?

बाजार चढायला कारणं होती. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला. ठेवींवरचं व्याज घटलं, तसा पैसा शेअरांकडे वळला. मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र त्याचीच झळ बसली. शिवाय सेन्सेक्समध्ये कंपन्या मोजून तीस, आणि त्यांचा भाव ठरतो तो पुढच्या नफ्याच्या अंदाजावर. आंब्याचा मोहोर बघून बाग कराराने घेणारा व्यापारीही असाच अंदाज बांधतो. मग तुडतुडे येतात, थ्रिप्सची कीड येते, एखादा अवकाळी पाऊस पडतो. मोहोर मोजून पेट्या भरल्या असं कोकणात कुणी म्हणत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती तरुण पोरांची. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला. हातात मोबाइल आणि त्यावर ऑप्शनचे सौदे, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावर लावलेले डाव. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास सांगतो की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ सामान्य गुंतवणूकदारांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. ही बातमी तेजीच्या बातमीएवढ्या मोठ्या अक्षरांत यायला हवी होती.

विनंती एवढीच: सेन्सेक्सच्या आकड्याशेजारी हर्णै आणि मिरकरवाडा बंदरांवरच्या लिलावातले मासळीचे भाव, वाशीच्या घाऊक बाजारात आंब्याच्या पेटीला मिळालेला दर आणि रोजगार हमीवर काम मागणाऱ्यांची तालुकावार संख्या आठवड्यातून एकदा तरी छापा.

आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)