रूळ थंडीने तुटला, हे अर्धेच उत्तर

मा. संपादक,
स. न.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे लोकल खोळंबल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : 'थंडीने रूळ आकुंचन पावल्यामुळे तडा गेला.' विषय तिथेच मिटतो. थंडीचा हात असतो, हे खरे. पण धडधाकट रूळ आपल्याकडच्या थंडीने तुटत नाही. तो तुटला, याचा अर्थ तडा आधीपासून आत वाढत होता आणि वेळेवर सापडला नाही. प्रश्न त्याबद्दल विचारायला हवा.

थोडे आकडे पाहू. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलो वजनाचा रूळ असतो. तो वेल्डिंगने सलग जोडलेला आणि स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या तुळईला) जखडलेला असल्यामुळे गारठला तरी आखूड होऊ शकत नाही. त्याच्यात ओढ साठत जाते. तापमान एक अंशाने उतरले की साधारण 2.4 मेगापास्कल (हे ताणाचे एकक) ताण वाढतो, म्हणजे रुळाच्या पूर्ण छेदावर सुमारे 1.9 टन ओढ. रूळ 40 अंशांना ताणमुक्त करून बसवला असेल आणि पहाटे 15 अंशांवर आला, तर ताण होतो 60 मेगापास्कल. रुळाचे पोलाद तुटायला 880 मेगापास्कल लागतात. मग एवढ्याशा ताणाने तो तुटतो कसा?

याचे उत्तर इंग्लंडच्या ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 साली काचेवरच्या प्रयोगांतून दिले. ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो तड्याच्या टोकाशी एकवटतो. कापडाला कात्रीचा छोटा काप दिला की ते हलक्या ओढीने फाटत जाते, तसेच हे. रुळाच्या पोलादाचा चिवटपणा, म्हणजे तडा फाटत जाऊ न देण्याची ताकद, तसा कमीच, म्हणून तडा किती खोल आहे यावर सगळे ठरते. रुळाचा तळ, ज्याला आम्ही फूट म्हणतो, त्यात चाकाच्या भाराने येणारा आणि कारखान्यापासून शिल्लक राहिलेला मिळून 140 मेगापास्कल ताण आहे असे धरा. चिवटपणा 35 धरला (एकक : मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ), तर कडेचा सरळ तडा सुमारे 16 मिलिमीटर खोल होईपर्यंत रूळ टिकतो. थंडीचे 60 त्यात मिळवा. मर्यादा थेट 8 मिलिमीटरवर येते. म्हणजे उन्हाळ्यात ज्या 10 मिलिमीटरच्या तड्यावरून गाड्या बिनबोभाट जात होत्या, तोच जानेवारीच्या पहाटे रूळ तोडतो. ते 10 मिलिमीटर एका रात्रीत आलेले नसतात.

हा तडा प्रत्येक चाकागणिक किंचित पुढे सरकतो. पोलादात त्याच्या वाढीचा वेग साधारणपणे ताणाच्या घनाच्या प्रमाणात असतो. ताण दुप्पट, तर वेग आठपट. तडा 1 मिलिमीटरचा 4 मिलिमीटर झाला की टोकाशी एकवटणारा ताण दुप्पट होतो, म्हणजे त्याच गाड्यांखाली तो आठपट वेगाने वाढू लागतो. सुरुवातीचा बराच काळ तो जवळजवळ निद्रिस्त असतो, शेवटचे काही मिलिमीटर मात्र भराभर उरकतात. म्हणून तपासणीची फेरी पुढे ढकलणे धोक्याचे आहे. ब्रेक लागून घसटल्याने चपटी झालेली चाके प्रत्येक फेऱ्याला रुळावर घण घालतात, त्यांनीही वाढ झपाट्याने होते.

सुरुवात कुठून होते तेही सांगायला हवे. थर्मिट वेल्डमध्ये, म्हणजे मार्गावर जागेवरच केलेल्या जोडात, दोन रुळांमधल्या 25 मिलिमीटरच्या फटीत वितळलेले पोलाद ओततात. साचा किंवा मसाला ओलसर असेल, आधी रूळ पुरेसा तापवला नसेल, तर आत वायूचे फुगे राहतात किंवा पोलाद एकजीव होत नाही. नटबोल्टसाठी भोक पाडले की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक ड्रिलनेच पाडून कडा घासून घ्यायला हवी. किनारपट्टीवर, डोंगर कापून काढलेल्या ओल्या कटिंगमध्ये आणि पूर्वी डब्यांतील शौचालयांची घाण जिथे पडायची तिथे रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या लायनरखाली (मधल्या पट्टीखाली) फूट गंजते. त्या गंजाच्या खळग्यातून निघालेला तडा सर्वांत फसवा. ध्वनिलहरींनी आतले तडे शोधणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्राचे प्रोब रुळाच्या माथ्यावरून फिरतात; त्यांना माथा, मधला उभा भाग आणि त्याच्या थेट खालचा तळ दिसतो. फूटच्या दोन्ही बाजूंचे पसरट पंख त्यांना दिसतच नाहीत. तिथे लायनर काढून, घासून, हातातल्या प्रोबने आणि डोळ्यांनीच पाहावे लागते. हे काम किचकट, मनुष्यबळ खाणारे, आणि नेमके म्हणूनच मागे पडणारे.

'रूळ तुटला की सिग्नल आपोआप लाल होतो' या समजावरही विसंबू नये. रुळांतून वीज खेळवून गाडी ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटला रूळ पुरता तुटल्यावरच कळते, तेही दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली नसतील तर. जिथे त्याऐवजी अ‍ॅक्सल काउंटर बसवले आहेत, तिथे तुटलेला रूळ कळतच नाही. ते यंत्र फक्त चाके मोजते.

ब्रिटनमधल्या हॅटफील्डला 17 ऑक्टोबर 2000 रोजी रुळाचे तुकडे तुकडे होऊन 4 प्रवासी मेले. तिथे थंडीचे निमित्त नव्हते. तडे आधीच माहीत होते, बदली रूळही येऊन पडला होता. बसवायचा राहिला होता.

तुटलेल्या रुळाचा छेद पाहिला की तड्याचे वय अंदाजता येते. जुना भाग काळपट, गुळगुळीत, वाढीच्या कमानींसारख्या रेषा असलेला. शेवटी एकदम तुटलेला भाग चकचकीत, दाणेदार. अशा प्रत्येक घटनेनंतर रेल्वेने त्या छेदाचे छायाचित्र, काळपट भागाची खोली, तडा वेल्डमध्ये होता की फूटमध्ये, आणि त्या जागेची शेवटची अल्ट्रासोनिक तपासणी कोणत्या तारखेला झाली, एवढे जाहीर करावे. आपल्या वार्ताहरांनीही थंडीचे कारण लिहून घेण्याआधी हेच चार प्रश्न विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वेमार्ग अभियंता, कल्याण