शिरोरेषा जोडून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ऱ्हाऊ दे की’ म्हणून रंधा हातात घेता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नको म्हणालात, नाही घातलं.

वैशाखात मी छपाईसाठी कोरलेली अकरा लाकडी अक्षरं पिशवीत घेऊन कोल्हापूरला तुमच्या शेडमध्ये आले, तेव्हा तुम्ही फौंड्रीसाठी पंपाच्या भागाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, करत होता. छापखान्याशी तुमचा संबंध लग्नपत्रिकेपुरता. माझा सगळा अभ्यास अमेरिकेतल्या लाकडी अक्षरांचा. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ साली राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राने, लाकडी टाईप कापायला घेतला, १८३४ मध्ये लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची, म्हणजे नमुन्याची रेघ लहानमोठी करून उतरवणाऱ्या दांड्यांची, जोड दिली आणि एका नमुन्यावरून लहानमोठी अक्षरं निघू लागली. पण त्यांचं लाकूड मेपल, आणि त्यांची अक्षरं सुटी सुटी. दोन अक्षरांत केसाएवढी फट राहिली तरी तिकडे बिघडत नाही. आपल्याकडे शिरोरेषा तुटते. जुन्या मराठी पुस्तकांत झिजलेल्या खिळ्यांमुळे, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांमुळे, दिसते, तशीच ती माझ्या कोऱ्या अक्षरांतही दिसत होती.

मला ‘कुस्ती’ हा शब्द पोस्टरभर छापायचा होता. प्रूफ पाहून तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, “कडंला पालीस पेपर कवा मारलास?” शेवटी, म्हटलं. “मग कोपरा गोल हुनारच की!”

तीन महिने मी शाई बदलत होते, दाब वाढवत होते, कागदाला दोष देत होते. तुम्ही सांगितलंत: ठोकळा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद ठेव, अक्षर पुरतं कोरून होऊ दे, मग काटकोन तपासायचा गुण्या लावून बाजू रंध्याने आत घे. शिरोरेषेचं टोक काटकोनात, धारदार राहतं. पॅटर्नवाल्याला ही रोजची गोष्ट असेल. माझ्यासाठी मात्र सगळं कामच त्यावर अडलं होतं.

लाकूडही तुम्हीच बदलायला लावलंत. सागाचे रेषे उघडे, सपाट काळ्या भागात त्यांचे पांढरे ओरखडे उठत. तुम्ही हेदाचा तुकडा काढून दिलात, ज्याच्या फण्या करत तो. खोड आडवं कापल्यावर जो तोंडवळा दिसतो तोच वर ठेवायचा, हे मी वाचलं होतं. पण तो काप सुकताना तडकू नये म्हणून टोकांना मेण लावून वर्षभर सावलीत ठेवायचा, हे वाचण्यात आलं नव्हतं. खिळ्याची उंची ०.९१८ इंच. पावसाळ्यात लाकूड फुगलं की हा हिशेब कोलमडतो, तेव्हा “दिवाळीनंतर मापं घे” म्हणालात. मी ऐकलं नाही, आषाढातच कापली, आणि आता निम्म्या अक्षरांखाली कागदाच्या पट्ट्या चिकटवून बसले आहे.

आणि हो, ती ‘कुस्ति’. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे दीर्घ वेलांटी ऱ्हस्व दिसते. मी ती ‘सुधारली’ आणि छापून पाहिल्यावर कपाळावर हात मारला. तुम्ही एवढंच म्हणालात, “पैलवान चितपट झाला म्हनायचा.” वेलांटी सुटी करून शेजारच्या खिळ्यावर झुकवायचा माझा हट्टही तिथेच संपला, आडव्या कापाचं लाकूड असं बाहेर आलं की बोटाने मोडतं, हे तुम्ही मोडूनच दाखवलंत. आता ‘ती’ एक ठोकळा, ‘कु’ एक ठोकळा, मध्ये अर्धा स. ठोकळे जास्त लागतात, लागू देत.

सोबत पहिली प्रत पाठवते आहे. ‘कु’ आणि ‘स’ मधून नख फिरवून बघा, सांधा सापडणार नाही. ‘स’ आणि ‘ती’ मध्ये अजून फट आहे. ती दोन अक्षरं घेऊन मी दिवाळीनंतर येते. रंधा तेवढा परजून ठेवा.

तुमची,
अक्षरंवाली पोरगी