जुन्या गाडीच्या अल्टरनेटरवर अँपिअर लिहायला काय जातं?

संपादक महोदय,

पावसात सायनला सिग्नलवर उभं राहिलं की जुन्या गाड्यांचे हेडलाइट पिवळट पडलेले दिसतात, वायपर रडत रडत फिरतो, आणि लोक बॅटरीला शिव्या घालत नवीन बॅटरी टाकून मोकळे होतात. बऱ्याचदा बॅटरीचा दोष नसतोच हो, अल्टरनेटर (म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) कमी पडत असतो.

माझ्या जुन्या मारुती झेनसाठी रिबिल्ट, म्हणजे जुनाच दुरुस्त करून विकायला ठेवलेला, अल्टरनेटर बघायला गेलो, तर वरून चकाचक चंदेरी रंग मारलेला आणि लेबल खरवडून काढलेलं. किती अँपिअरचा विचारलं तर म्हणे, "फिट बसतो ना साहेब, मग टेन्शन काय?" अहो बसेल, पण करंट किती देणार ते सांगा ना!

आणि जिथे आकडा असतो तोही बहुतेक अल्टरनेटर ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेरे) फिरत असतानाचा, आता एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी कुठून आणायचे एवढे आरपीएम? इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ८००-९००, पुलीमुळे अल्टरनेटर साधारण त्याच्या दुप्पट फिरतो, म्हणजे ४५ अँपिअरवाला तिथे निम्मा करंट दिला तरी खूप. इकडे लोड बघा: ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे आठेक अँपिअर, ब्रेक दाबून ठेवला की २१ वॉटचे दोन बल्ब, म्हणजे अजून तीन, वर ब्लोअर, वायपर, एसीचा क्लच, मधेच रेडिएटरचा फॅन सुरू होतो तो वेगळाच. उरलेला करंट गुपचूप बॅटरीतून जातो.

घरी साधा मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या टर्मिनलला लावून बघा. सगळं चालू ठेवून आयडलला १२.४ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १३.९ दिसलं, तर बॅटरी बदलून काही होणार नाही. आधी बेल्ट ढिला आहे का आणि अर्थिंगची वायर गंजली आहे का तेवढं तपासा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) गेलाय, बॅटरी उकळेल. आणि कोणी म्हणालं ना की सरळ ७० अँपिअरचा टाका, तर अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायरही जाड टाकून घ्या, नाहीतर ती तापते.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या नुसत्या री-रजिस्ट्रेशनची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली, ती लोकांनी भरली. मग दुकानदाराने रिबिल्ट पार्टच्या बिलावर व्होल्ट, फुल अँपिअर आणि आयडलचे अँपिअर एवढं लिहून द्यावं, आणि परिवहन खात्याने ते कंपल्सरी करावं, एवढंच मागणं आहे.

– एक झेनवाला, मुलुंड