टॉर्कीचा तो शनिवार

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवायचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, खेळता येत नाही म्हणून शिकवायचं, हे मला नाही जमणार." तेव्हा मी गप्प राहिलो. पण दोन दिवस तेच मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

तुझे शिनगार्ड अजून गॅलरीतल्या दोरीवरच आहेत. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आईने धुऊन घातले होते. उजव्या शिनगार्डचा पट्टा तू काळ्या दोऱ्याने शिवलेला आहेस. ते काढायला आईचा हात होत नाही, आणि माझाही.

काकाकडे इंग्लंडमधल्या हाय विकमला गेलो होतो तेव्हा त्याने मला मॅचला नेलं, हे तुला माहीत आहे. कारखान्यांच्या वसाहतीतून जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे ते मैदान, ॲडम्स पार्क. एका अंगाला झाडीची टेकडी. हे गाव एकेकाळी खुर्च्या बनवणाऱ्यांचं, म्हणून तिथल्या विकम वाँडरर्स क्लबला लोक 'चेअरबॉईज' म्हणतात. कडेला काळं जॅकेट घातलेला, खांद्यापर्यंत केस असलेला एक माणूस नव्वद मिनिटं उभा होता. तो गॅरेथ एन्सवर्थ, तेव्हाचा त्यांचा मॅनेजर. त्याच्याविषयी मी तुला कधी नीट सांगितलंच नाही.

जन्म १९७३, ब्लॅकबर्नचा. तिथल्याच मोठ्या क्लबने त्याला पोरवयात सोडून दिलं. मग नॉर्थविच व्हिक्टोरियासारख्या लीगबाहेरच्या संघातून सुरुवात, पुढे प्रेस्टन, केंब्रिज, लिंकन, पोर्ट व्हेल. उजव्या बगलेवरचा मिडफिल्डर, तुझ्यासारखाच वाऱ्यासारखा पळणारा. १९९८ मध्ये विम्बल्डनने त्याला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या पायरीवर नेलं, पण तिथे दुखापतींनी त्याला जेरीस आणलं. कार्डिफ, क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) करत तो विकमला आला. सप्टेंबर २०१२ मध्ये आधीच्या मॅनेजरला काढलं आणि एकोणचाळीस वर्षांच्या या खेळाडूला सांगितलं, आता तू सांभाळ.

आणि सांभाळायला होतं काय? क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या मालकीचा, तिजोरीत खडखडाट. खर्च झेपेना म्हणून युवा अकादमीसुद्धा बंद केलेली. पुढच्याच मोसमात, २०१४ च्या मे महिन्यात, इंग्लंडच्या लीगच्या चौथ्या, शेवटच्या पायरीवरूनही खाली पडायची पाळी आली. शेवटची मॅच शनिवारी ३ मे रोजी, टॉर्की या संघाच्या मैदानावर. नुसतं जिंकून भागणार नव्हतं, दुसरीकडे कुणीतरी हरायलाही हवं होतं. विकम ३-० ने जिंकले. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डकडून ०-१ ने हरले. दोघांचे गुण सारखे, आणि गोलफरकावर विकम तरले. ब्रिस्टल रोव्हर्स १९२० पासून लीगमध्ये होते, ते त्या दिवशी बाहेर पडले. त्यांच्या लोकांचंही मला वाईट वाटतं. एका गावात सुटकेचा निःश्वास, दुसऱ्या गावात चूल पेटली नसेल.

मधुरा, त्या दिवशी निकाल उलटा लागला असता तर आज एन्सवर्थचं नाव कुणी घेतलं असतं का, असं मला नेहमी वाटतं. पण तो त्यानंतर तिथेच राहिला, जवळजवळ नऊ वर्षं. दुसऱ्या वर्षी वरच्या पायरीवर चढण्यासाठीच्या अंतिम सामन्यात, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, साउथेंडने अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि पेनल्टीवर हार पदरी आली. तरी राहिला. गोलकीपर जखमी झाला तर सेहेचाळीस वर्षांच्या गोलकीपिंग कोचला मैदानात उतरवायची वेळ आली, तीही २०१६ मध्ये प्लिमथच्या मैदानावर, आणि १-० ने जिंकून आले! हाती क्लब नसलेल्या धिप्पाड स्ट्रायकर अकिन्फेन्वाला याने जवळ केलं. २०१८ ला संघ तिसऱ्या पायरीवर चढला. आणि १३ जुलै २०२०, कोरोनाचे दिवस, वेम्बली रिकामं. ऑक्सफर्डला २-१ ने हरवून १८८७ साली स्थापन झालेला हा क्लब पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर गेला. ती मॅच मी इथे एकट्याने पाहिली. विकमच्या जेकबसनची पेनल्टी आत गेली तेव्हा मी उठून उभाच राहिलो होतो.

वर्षभरात एका गुणाने ते परत खाली आले. शेवटची मॅच मिडल्सब्रोला ३-० जिंकूनही. पुढे तो क्यूपीआरचा मॅनेजर झाला, तिथून त्याला काढलंही. तेही तुझ्यापासून लपवत नाही.

तुला हे सांगतोय ते धीर द्यायला नाही. तू म्हणालीस ना, शिकवणं म्हणजे माघार? मी तुला मधल्या फळीत खेळताना लहानपणापासून पाहिलंय. पास द्यायच्या आधी तू मान वळवून बघायचीस, आणि कोण कुठे धावणार ते ओरडून सांगायचीस. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, पण ते बघणं गेलेलं नाही. शाळेने अकरा-बारा वर्षांच्या पोरींचा संघ तुझ्या हाती द्यायचं ठरवलंय, ते तुझ्यावर दया म्हणून नव्हे. त्यांनी तुझा खेळ पाहिलाय.

शुक्रवारपर्यंत शाळेला कळवायचं आहे, एवढं लक्षात असू दे. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. फिजिओथेरपी मात्र चुकवू नकोस, आणि जिना उतरताना कठडा धर.

आईने लाडू दिलेत. शेवटी आज शिनगार्डही दोरीवरून काढून त्याच डब्याशेजारी ठेवलेत. तुला ते आता लागणार नाहीत, पण त्यातल्या एखाद्या पोरीला होतील. पट्टा मी पुन्हा शिवलाय.

तुझे,
बाबा